गोबरगॅसवर डिझेल इंजिन: धूर घालवायचा तर आधी लोड मोजा

प्रश्न सदलग्याजवळच्या एका मळ्यातून आलाय. गोठ्यात तीस म्हशी, दुधासाठी बल्क कूलर, मिल्किंग मशीन, कडबाकुट्टी आणि विहिरीवरची मोटर. लाईट नसली की जुना १० केव्हीएचा डिझेल जनरेटर चालवावा लागतो, सकाळ-संध्याकाळ मिळून चारेक तास. मळ्याला लागूनच मराठी शाळा आहे आणि वारं तिकडचं असलं की काळा धूर सरळ वर्गात जातो. विचारणारे लिहितात, ‘आमचा १५ घनमीटरचा लोखंडी डोमचा गोबरगॅस आहेच. तो इंजिनात सोडला तर धूर थांबेल का? की सीएनजी, घरचा सिलेंडर, हायड्रोजनचं किट यातलं काही बसवू? अण्णा म्हणतात, इंजिन फुटेल.’

गोबरगॅस सोडा. धूर नक्की कमी होईल, डिझेलही निम्म्याहून जास्त वाचेल. पण इंजिन हलक्या लोडवर असताना गॅस सोडलात, तर दिसणारा धूर जाईल आणि न दिसणारा गॅस सायलेन्सरमधून बाहेर पडेल. अण्णांची भीतीही अगदी खोटी नाही. त्याचं एक उदाहरण पुढे सांगतो, ते माझ्याच हातून घडलंय.

मी पस्तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, इंजिनांचीच कामं केली. पंप कॅलिब्रेशन, हेड उतरवणं, गव्हर्नर बसवणं आणि त्यातूनच पुढे गॅसवर इंजिन चालवण्याची कामं. निपाणी, चिकोडी, अथणीपासून खानापूरपर्यंत मळ्यामळ्यांत हिंडलो. आपल्या भागाला इंजिन नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच बेळगावात. आज आपल्याकडे विहिरीवरच्या म्हाताऱ्या माणसालाही इंजिनाच्या आवाजावरून डिझेल फवारणारं नोझल गेलंय की नाही ते कळतं. त्यामुळे तुम्हालाही हे काम जमेल, एवढी खात्री बाळगा.

आधी आत काय होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल स्वतःच पेट घेतं. डिझेल साधारण २१० ते २५० अंशांना पेटतं. गोबरगॅसमधला मिथेन मात्र ५४० अंशांच्या आसपास पोचल्याशिवाय स्वतःहून पेटत नाही. म्हणून नुसत्या गॅसवर तुमचं इंजिन चालणार नाही. हवेबरोबर गॅस आत घ्यायचा आणि थोडं डिझेल नेहमीसारखं फवारायचं. ते डिझेल काडी ओढल्यासारखं पेटतं आणि भोवतालचा गॅस पेटवतं. यालाच ड्युअल फ्युएल म्हणतात. इंजिनात कापाकापी काही नाही. गॅस आला की स्पीड वाढू बघतो, मग स्पीड सांभाळणारा गव्हर्नर डिझेलचा रॅक, म्हणजे पंपातली डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, मागे ओढतो आणि डिझेल आपोआप कमी होतं.

काळा धूर कुठून येतो? डिझेलचा फवारा म्हणजे बारीक बारीक थेंब. थेंबाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथलं इंधन अर्धवट जळतं आणि काजळी होते. गॅस आधीच हवेत मिसळून आत येतो, त्यामुळे त्याची काजळी होत नाही. डिझेल जितकं कमी, तितके थेंब कमी आणि धूरही तितकाच कमी. शिवाय गोबरगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असला तरी बाकीचा बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो जळत नाही, पण ज्योत थंड ठेवतो. त्यामुळे नायट्रोजनचे ऑक्साइड, म्हणजे डोळ्यांना आणि घशाला झोंबणारा वायू, तोही बहुतेक वेळा घटतो. शाळेच्या दृष्टीनं या दोन्ही गोष्टी फार मोलाच्या आहेत. काजळीचे कण मुलांच्या फुप्फुसात खोलवर जातात. ते थांबवण्यासाठी एवढी खटपट करणं रास्तच आहे.

आता लोडचं बघू. गव्हर्नर फक्त डिझेल कमी-जास्त करतो, हवा नाही. डिझेल इंजिन लोड असो नसो, दर फेऱ्याला पोटभर हवा घेतं. लोड कमी असताना त्या एवढ्या हवेत थोडासाच गॅस असतो. मिश्रण इतकं पातळ होतं की डिझेलच्या ठिणगीजवळचा गॅस जळतो आणि सिलेंडरच्या भिंतीकडचा, पिस्टन रिंगच्या वरच्या फटीतला गॅस तसाच राहतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की तो न जळता बाहेर. सोबत कार्बन मोनॉक्साइडही वाढतो. धूर दिसत नाही म्हणून मालक खूश असतो, पण नळीतून इंधनच बाहेर चाललेलं असतं. भरपूर लोडवर मिश्रण दाट होतं, सिलेंडर तापलेला असतो, ज्योत सगळीकडे पोचते आणि गळती बरीच कमी होते.

हा हिशोब तुमच्याच आकड्यांवर मांडून दाखवतो. म्हैस बांधून असली तर दिवसाला बारा किलो शेण हाती येतं असं धरू. तीस म्हशींचं ३६० किलो. किलोला ४० लिटर गॅस धरला तर साधारण १४ घनमीटर. घरात सहा माणसांच्या स्वयंपाकाला दोन घनमीटर जातील. इंजिनाला उरले १२. तुमचा कूलर आणि मिल्किंग मशीन मिळून साधारण साडेचार किलोवॅट लोड होतो, म्हणजे जनरेटरच्या ताकदीच्या निम्म्याहून थोडा जास्त. त्या लोडवर नुसत्या डिझेलवर तासाला सुमारे १.७ लिटर लागतं. गॅसवर ते ०.६ वर येईल. तासाला १.१ लिटर वाचलं, चार तासांत ४.४ लिटर. महिन्याला सव्वाशे लिटरच्या वर.

आता गॅस किती लागला ते बघा. एक घनमीटर गोबरगॅसमधली उष्णता साधारण ०.५५ लिटर डिझेलएवढी. मग १.१ लिटर वाचवायला दोन घनमीटर पुरायला हवेत. प्रत्यक्षात या लोडवर तीनच्या आसपास जातात. मधला एक घनमीटर कुठे गेला? काही भाग सावकाश जळण्यात, उशिरा जळून एक्झॉस्ट तापवण्यात जातो. काही भाग मात्र न जळता बाहेर पडतो.

आणि तो बाहेर पडलेला गॅस साधा नाही. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७-२८ पट भारी. एक घनमीटर गोबरगॅसमध्ये ४०० ग्रॅमच्या आतबाहेर मिथेन असतो, म्हणजे अकरा किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच. तुम्ही दिवसाला ४.४ लिटर डिझेल वाचवलं. लिटरमागे सुमारे २.६५ किलो धरले तर कार्बन डायऑक्साइडची बचत साडेअकरा किलो. म्हणजे बारा घनमीटरपैकी एकच घनमीटर न जळता सुटला, तरी हवामानाच्या बाजूची तुमची अख्ख्या दिवसाची बचत पुसली गेली. काजळी गेली हा फायदा उरतो, पण दुसरा उरत नाही. धूर दिसेनासा झाला की लोक तिथेच थांबतात, म्हणून हे इतकं सविस्तर लिहितोय.

यावर उपाय साधा आहे आणि पैसे लागत नाहीत. लोड एकत्र करा. कडबाकुट्टी आज तुम्ही दुपारी वेगळी चालवता, मोटर वेगळ्या वेळी. धारेच्या वेळी कूलर चालू असतोच, त्याच तासात कुट्टी करून घ्या, टाकीत पाणी चढवून घ्या. मात्र सगळं एकदम स्टार्ट करू नका, एकेक चढवा. इंजिन पाऊण ताकदीवर आलं की गॅस चांगला जळेल आणि एकूण तासही कमी होतील. १० केव्हीएच्या थ्री फेज जनरेटरचा पूर्ण लोड फेजला साधारण १४ अँपियर. पॅनेलवरच्या मीटरवर दहा-अकरा दिसत असतील तर गॅसची खरी वेळ तीच. सहाच्या खाली आला की गॅस बंद, नुसतं डिझेल. मीटर चालत नसेल तर वायरीभोवती पकडून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर विकत घ्या. या सगळ्या कामात त्याच्याइतका उपयोगी पडणारा दुसरा कुठलाच खर्च नाही.

आता अण्णांच्या भीतीबद्दल. पुष्कळ वर्षांपूर्वी खानापूरच्या बाजूला एका मळ्यात मी असंच इंजिन गॅसवर लावून दिलं. उसाला पाणी देणारा पंप जोडलेला होता. गॅसला साधा बॉल व्हॉल्व्ह लावला, हातानं उघडायचा आणि हातानं बंद करायचा. इंजिन छान चाललं. तिथला मिस्त्री आनंदानं म्हणाला, ‘बघा की, धूर कुठं दिसूलालाय?’ मी घरी आलो. त्या रात्री पंपाचा पट्टा सुटला. लोड एकदम गेला, इंजिन वर चढलं, गव्हर्नरनं डिझेल पूर्ण तोडलं. काडी ओढणारं डिझेलच नाही, तर गॅस पेटणार कसा? पण व्हॉल्व्ह उघडाच होता. कच्चा गॅस सिलेंडरमधून सरळ सायलेन्सरमध्ये भरला. स्पीड उतरल्यावर गव्हर्नरनं पुन्हा डिझेल सोडलं, एक ठोका पेटला आणि सायलेन्सर फुटला. त्याचा पत्रा उडून खोलीचं दार फाटलं. मिस्त्री तेव्हा बांधावर पाणी फिरवायला गेला होता म्हणून वाचला. त्या दिवसापासून करंटवर उघड-बंद होणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हशिवाय मी एकही काम हातात घेतलेलं नाही आणि तुम्हीही कुणाला घेऊ देऊ नका.

तुमच्या जनरेटरला तो असा लावायचा. गॅसच्या लाईनवर, इंजिनजवळ, करंट असेपर्यंतच उघडा राहणारा सोलेनॉइड. करंट गेला की स्वतःच बंद होणारा. त्याची वायर तीन जागी तुटली पाहिजे: इंजिन बंद केल्यावर, स्पीड ठरल्यापेक्षा वर गेल्यावर आणि लोड एकदम पडल्यावर. तिसऱ्यासाठी करंट रिले बसवतात. बेळगावात पॅनेल करणारा कुठलाही चांगला इलेक्ट्रिशियन हे करून देईल. त्याच्या आधी लाईनवर पाण्याचा सील किंवा फ्लेम अरेस्टर हवाच, म्हणजे इंजिनकडून उलटी ज्योत आली तरी डोमपर्यंत पोचणार नाही.

गॅस कसा साफ करायचा, हा भाग लोक फार हलक्यानं घेतात. गोबरगॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. इंजिनात जळून त्याचं आम्ल होतं. ते ऑईलमध्ये उतरतं, आणि न जळलेला वायू तांब्या-पितळेला खातो. गॅस न धुता वर्षभर चालवलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड मी उघडला होता. वरच्या बाजूचा ब्राँझचा बुश कोळशासारखा काळा पडला होता आणि नखानं खरवडला तर पापुद्रा निघत होता.

यावर आपल्या भागात मिळणारा उपाय म्हणजे लेथवरचा लोखंडाचा कीस. उद्यमबागेत पोत्यानं मिळतो. स्टेनलेसचा नको, साध्या लोखंडाचा घ्या. कटिंग ऑईल लागलेलं असतं, म्हणून सोड्याच्या गरम पाण्यानं धुवा, मग उन्हात पसरून आठवडाभर पाणी शिंपडत राहा. चांगला तांबूस गंज चढला पाहिजे, कारण काम करतो तो गंज, लोखंड नाही. मग जाड प्लास्टिकच्या पिंपात तळाशी जाळी, तिच्यावर सैलसर भरलेला हा कीस. गॅस खालून आत, वरून बाहेर. गंज सल्फाइड धरतो आणि तांबड्याचा काळा होतो. पिंपाला एका बाजूला काचेची किंवा पारदर्शक पट्टी ठेवा, म्हणजे काळेपणा कुठवर चढलाय ते बाहेरून दिसेल. पाऊण उंची काळी झाली की कीस काढून उन्हात पसरा, तो पुन्हा तांबूस होतो. पण हे करताना सांभाळा: काळा कीस हवा लागली की तापतो आणि कोरडा असेल तर पेटतोही. पाणी मारूनच बाहेर काढायचा, कडब्याच्या गंजीजवळ अजिबात पसरायचा नाही. दोन पिंपं केलीत तर एक चालू आणि एक उन्हात, असं सोयीचं पडतं.

गॅस ओला असतो, पाईपात पाणी साचतं. लाईनला थोडा उतार द्या आणि सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा कॉक. लाईन दीड इंची घ्या. लोखंडी डोम गॅसला जेमतेम दहा सेंटिमीटर पाण्याइतका दाब देतो. पन्नास मीटरवरून पाऊण इंची पाईप आणलात तर निम्मा दाब वाटेतच संपेल, मग लोक डोमवर दगड ठेवायला लागतात. तसं करू नका. डोम वाकडा होतो आणि कडेनं गॅस सुटतो.

मिक्सर म्हणजे एअर फिल्टरनंतर इनलेट पाईपला जोडलेला एक टी. फिल्टरच्या आधी जोडायचा नाही, नाहीतर गॅस खोलीत पसरेल. सुरू करताना नेहमी डिझेलवर. पाच-दहा मिनिटं इंजिन तापू द्या, लोड चढवा, मग कॉक हळूहळू उघडा. गव्हर्नर डिझेल मागे घेतोय हे रॅकच्या हालचालीवरून आणि आवाजावरून कळतं. आवाज मऊ होतो. आणखी उघडत गेलात की एका जागी इंजिन चुकायला लागतं, स्पीड वर-खाली होतो. तिथून कॉक थोडा मागे आणून खूण करा. तीच तुमच्या त्या लोडची जागा. बंद करताना उलटं: आधी गॅस, मग तीन-चार मिनिटं डिझेलवर, मग इंजिन.

डिझेल नव्वद टक्के वाचवून देतो म्हणणारे भेटतील. पंचवीस-तीस टक्के डिझेल राहूच द्या. नोझलच्या टोकाला थंडावा वाहत्या डिझेलचाच मिळतो. डिझेल फार कमी केलं की टोक तापतं, भोकांवर कार्बन बसतो आणि मग तोच फवारा बिघडून पुन्हा धूर सुरू होतो. शिवाय डिझेल बारीक झालं की पेटवण्याची ताकद कमी होते आणि न जळलेला गॅस वाढतो. आणि आधी नोझल तपासून घ्या, हे तर मी सगळ्यांत पहिल्यांदा सांगायला हवं होतं. तुमच्या इंजिनाचा आजचा काळा धूर निम्मा तरी खराब नोझल, झिजलेल्या रिंगा आणि भरलेल्या एअर फिल्टरचा असू शकतो. ते न करता गॅस लावला तर दोष झाकला जातो. ऑईलही पूर्वी जितक्या तासांनी बदलत होता, त्याच्या निम्म्या तासांनी बदला. काढलेलं ऑईल ओढ्यात किंवा मातीत ओतू नका.

टायमिंगबद्दल, म्हणजे डिझेल फवारण्याच्या क्षणाबद्दल, थोडं. गोबरगॅस सावकाश जळतो. म्हणून इंजेक्शन दोन-तीन अंश आधी केलं तर जळायला वेळ मिळतो, ताकद सुधारते आणि न जळलेला गॅस घटतो. या इंजिनांत पंपाखालचं एक पातळ शिम, म्हणजे पत्र्याची चकती, काढलं की टायमिंग पुढे येतं. पण हे पहिल्या दिवशी करू नका. नुसत्या डिझेलवर चालवताना तेच टायमिंग ठोके वाढवतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइडही वाढवतं.

थंडीत गॅस कमी होणार, डिसेंबर-जानेवारीत तर बराच. शेणातले जंतू थंडीत मंदावतात. शेण कालवताना उन्हात तापलेलं पाणी वापरा आणि त्या दोन महिन्यांत इंजिनाला गॅस कमी मिळेल हे धरूनच चाला. स्वयंपाकघरातून इंजिनासाठी गॅस ओढू नका. चूल पुन्हा पेटली तर घरातल्या बायकांच्या छातीत धूर जाईल, मग शाळेतला वाचवून काय मिळवलं?

बाकीच्या पर्यायांचं आटोपतो. घरगुती सिलेंडर इंजिनाला जोडणं बेकायदा आहे. शिवाय त्यातला ब्युटेन मिथेनइतका दाब सोसत नाही, सतरा पट दाबल्यावर ठोके मारायला लागतो आणि पिस्टन जातात. हायड्रोजनचं म्हणून जे छोटं किट विकतात, त्यात इंजिनच्याच अल्टरनेटरवर पाणी फोडून गॅस काढतात. अल्टरनेटरमध्ये जवळपास निम्मी ताकद जाते, पाणी फोडताना आणखी जाते, तो गॅस इंजिनात जळून त्यातली तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच कामाला येते. शाफ्टवरून घेतलेल्या शंभर भागांतले दहा परत मिळतात. त्यावर पैसे घालू नका. खरा, वेगळा तयार केलेला हायड्रोजन ही निराळी गोष्ट आहे. त्यात कार्बनच नसल्यानं काजळी घटते. पण तो फार वेगानं जळतो, इनलेटमध्ये उलटा पेटतो, तापमान वाढून नायट्रोजनचे ऑक्साइड वाढतात. मळ्यावर हाताळायचं ते इंधन नाही.

सीएनजी आणि पाईपचा गॅस म्हणजे जवळजवळ शुद्ध मिथेन. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी गेलची पाईपलाईन आपल्या जिल्ह्यातून गेली आहे. कारखान्याच्या दारात पाईपचा गॅस असेल, तर फाउंड्रीतल्या मोठ्या जनरेटरला तो उत्तम. तिथे लोडही भरपूर आणि सारखा असतो. दिल्लीच्या आसपासच्या भागात तर जनरेटरना सत्तर टक्के गॅस, तीस टक्के डिझेल अशी अट घातली गेली. तुमच्या मळ्याला मात्र २०० बार दाबाचे सिलेंडर आणत बसण्यात अर्थ नाही. शेण दारात आहे.

लाकडाच्या गॅसिफायरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण गुऱ्हाळवाले नेहमी विचारतात. लाकूड कमी हवेत जाळून जो गॅस मिळतो त्यात निम्मा नायट्रोजन असतो. कामाचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन प्रत्येकी वीस टक्क्यांच्या आतबाहेर. डिझेल सत्तर-ऐंशी टक्के वाचतं, पण ताकद वीस-तीस टक्के घटते. आणि इंधन म्हणूनच कार्बन मोनॉक्साइड वापरत असल्यानं गळती झाली तर माणूस दगावतो, वासही येत नाही. बंद खोलीत तो कधीच नको. गॅसमधलं डांबर धुतलेलं पाणी कुठे सोडणार, हाही प्रश्न आहेच. काजूची टरफलं फुकट मिळतात म्हणून भरू नका. त्यातलं तेल डांबर होऊन व्हॉल्व्हवर बसतं. उसाच्या पाल्यावर फलटणच्या निंबकर संस्थेनं गॅसिफायर करून दाखवला, तोही भट्टीच्या उष्णतेसाठी. गुऱ्हाळाला तोच उपयोग शहाणपणाचा आहे, इंजिनाचा नाही.

शेणावरच्या इंजिनाचा आपल्याच राज्यातला जुना दाखला आहे. कुणिगल तालुक्यातल्या पुरा गावात बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या ‘अस्त्र’ केंद्रानं १९८७ साली गावाच्या शेणावर ड्युअल फ्युएल इंजिन लावून दिवे आणि नळाचं पाणी दिलं. पुढच्याच वर्षी तुमकूर जिल्ह्यातल्याच होसहळ्ळीत लाकडाच्या गॅसवर तसं केलं. पुऱ्यात मूळ विचार घरोघरी स्वयंपाकाला गॅस देण्याचा होता. पण शेण मोजल्यावर ते पुरणार नाही हे कळलं, म्हणून पाणी आणि दिव्यांकडे वळले. नळाला पाणी येतंय म्हटल्यावर लोक शेण आणून घालत राहिले. तुम्हीही आधी आठ दिवस शेण काट्यावर मोजा. माझे ३६० किलो हा अंदाज आहे, म्हशी चरायला जात असतील तर तो बराच खाली येईल.

नियमांचं एवढंच. १ जुलै २०२३ पासून बनणाऱ्या नव्या जनरेटरना कडक प्रदूषण निकष आहेत. असलं नवं मशीन घेतलं तर त्यावर हातानं गॅस लावू नका. वॉरंटी जाईल आणि मंजुरीही. तुमचं जुनं इंजिन आहे, तिथे हे काम करता येतं. तरी सायलेन्सरची नळी छपरावरून उंच आणि शाळेच्या उलट दिशेला न्या. गॅस लावण्याआधीच हे करा, उद्यापासून मुलांना फरक पडेल. इंजिनच्या खोलीला वर आणि खाली दोन्हीकडे झरोके ठेवा. आणि गोबरगॅसच्या खड्ड्यात कोणीही, कितीही थोड्या वेळासाठी, उतरू नये. सल्फाइड जास्त झालं की आधी नाकाचा वास घेण्याचा धर्मच जातो, माणसाला कळतच नाही.

अण्णांना हे सगळं वाचून दाखवा. मग आठ दिवसांचं एक टिपण करा: रोजचं शेण किती किलो, जनरेटर कधी सुरू-बंद झाला, दर अर्ध्या तासाला किती अँपियर आणि दिवसाचं डिझेल किती. नोझल काढून टेस्टरवर फवारा बघून घ्या. हे कागद घेऊन या, म्हणजे सोलेनॉइड किती इंची, पिंप केवढं आणि टायमिंगला हात लावायचा की नाही, ते आपण बसून ठरवू.